दुसऱ्या नावाची जागा

मी संघदीपला होकार दिला.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. असं काही घडलेलंच नाही. मी फक्त श्रावणमामाला घेऊन दारव्ह्याहून बोरी अरबला मीटिंगला गेले होते, आणि मीटिंगला जाऊन कोणी प्रेमात पडत नसतं.

मामाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला एक आवाज ऐकू यायचा, बहुतेक माझ्या स्वयंपाकाबद्दल. गोळ्यांनी आवाज बारीक झाला, स्वयंपाक तसाच राहिला. या आजाराची माणसं आणि त्यांच्या घरचे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विहाराच्या हॉलमध्ये गोल करून बसतात.

दारात एक पोरगा रजिस्टर घेऊन बसला होता. केसांत कापूस. मी त्याला कार्यकर्ता समजले आणि उभ्या उभ्या मामाचं सगळं सांगून टाकलं. शेवटी हळूच विचारलं, "सर, या आजाराच्या माणसाचं लग्न होऊ शकते का?"

"होऊ शकते. पण पोरीनं पहिल्याच भेटीत विचारलं, तर माणूस लाजते ना."

"मी मामाचं विचारून राह्यली!"

"मले वाटलं, माझं."

रजिस्टर दर महिन्याला वेगळ्या मेंबरकडे असतं, हे मला तेव्हा कळलं. हा संघदीप. पाच वर्षांपासून उपचार चालू, गावात गाद्या भरायचं दुकान. मी खाली पाहिलं. फरशा चौपन्न होत्या.

पुढच्या महिन्यापासून मामापेक्षा मलाच मीटिंगची घाई. संघदीप उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचा. एकदा शेंग घेताना बोटाला बोट लागलं… दोघांनीही शेंगेची माफी मागितली.

गट विमलताई चालवतात. त्यांचा नियम असा: आजार परतण्याची पहिली खूण प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेली. मामाची खूण दाढी वाढणं, संघदीपची झोप उडणं. खूण दिसली की लपवायची नाही, गोलात सांगायची.

जानेवारीत संघदीपनं हात वर केला. "ताई, तीन राती झोप नाई."

त्याची आई कांताबाई शेंग तोंडाशी धरून थांबली.

"आवाज?" विमलताईंनी विचारलं.

"नाई."

"गोळ्या?"

"एक बी चुकली नाई."

"मग रातभर करतं काय रे?"

"विचार."

"कायचा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं… मग फरशांकडे.

श्रावणमामा उठला. "ताई, हे मले आवाजानं नाई सांगितलं, मीच सांगतो. याचा विचार दारव्ह्याच्या बसनं येते. माह्या बाजूले बसते."

हॉल हसला. कांताबाईंनी शेंग खाल्ली. विमलताई मात्र हसल्या नाहीत. "प्रेम असो का काई असो, झोप गेली म्हंजे डॉक्टरले दाखवाच लागते."

दाखवलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं: गोळ्या चालू ठेव, आठ दिवसांनी ये, आणि त्या पोरीशी बोल.

दोन दिवसांनी तो दारव्ह्याच्या बसस्टँडवर आला. हातात खुणेचा तोच कागद. खाली लिहिलेलं: आधार व्यक्ती. एक, कांताबाई. दोन, रिकामं.

"काम काय असते याचं?" मी विचारलं.

"माझी झोप गेली, की तुले कळलं पाहिजे."

"अन् ती आजारानं गेली का माझ्यानं, हे कसं कळन?"

"नाई कळलं तर डॉक्टर हाये. आपण फक्त लपवायचं नाई." तो थांबला. "आजार परत येऊ शकते, समीक्षा. आला तर… पळशील का तू?"

"पळाली तर बसनंच पळन ना! बस कधी वेळेवर आली का?"

तो हसला. खिशातला पेन काढताना त्याचा हात थरथरत होता.

"गोळीनं थरथरते," तो म्हणाला.

"माझा कायनं थरथरून राह्यला मग?" मी म्हटलं.

होकार वगैरे काही नाही. मी फक्त रिकाम्या जागी नाव लिहिलं.

त्या रात्री तो नऊ तास झोपला. मी एक मिनिट नाही.

तरी माननीय कॅलेंडर विभागास विनंती की, दर महिन्यात दुसरा मंगळवार किमान चार वेळा येईल, अशी कार्यवाही तातडीने व्हावी.