दोन महिने दाराबाहेर

तो पहिल्यांदा खोलीत आला आणि माझ्या सगळ्या उंदरांचं ब्लडप्रेशर वाढलं.

खोटं नाही सांगत. ब्लडप्रेशरच्या नव्या औषधाचा माझा प्रयोग चालू होता. उंदराच्या शेपटीला इवलासा पट्टा बांधून मी आकडे घेत होते, तेवढ्यात हे प्राण्यांचे नवे डॉक्टर दार ढकलून आत... मास्कवर दोन हसरे डोळे, आणि इकडे स्क्रीनवर आकडे भराभर वर!

"आधी बाहेर व्हा!"

"अहो, पण मी काय केलं?"

"तुम्ही पुरुष आहात. पुरुषाच्या वासानं उंदीर घाबरतात."

"उंदीरच ना?" त्याने दारातून विचारलं. "तुम्ही नाही ना घाबरत?"

मी दार लावून घेतलं. मोठा आलाय शहाणा, असं पुटपुटलेसुद्धा. मग लक्षात आलं – मास्कच्या आत मी हसत होते.

माझ्या संशोधनाच्या गाईडबाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं. प्रयोग संपेपर्यंत डॉक्टर काचेतून बघणार, उंदरांना हात लावायचं काम त्याची मदतनीस करणार. आणि मी? पुरुषांशेजारी बसणंसुद्धा बंद, कपड्यांना वास लागायला नको म्हणे. राहायला मुलींचं हॉस्टेल, त्यामुळे घरी वडील-भाऊ असतात ही सबबही चालेना.

मग बोलणं सुरू झालं ते काचेच्या दाराशी, इंटरकॉमवर.

"ती कोपऱ्यातली जरा सुकल्यासारखी दिसतेय."

"वजन ठीक आहे तिचं."

"मी उंदरांबद्दल नाही बोलत. जेवलात का?"

कँटीनमध्ये तो लांबच्या टेबलावर बसायचा. बाहेर पाऊस असला की दाराशी छत्री उघडायचा, माझ्याकडे बघत ती थोडी तिरकी धरायचा – शेजारी एका माणसाची जागा ठेवून – आणि एकटाच भिजत निघून जायचा. माझा जीव नुसता तुटायचा.

शुक्रवारी प्रयोग संपणार होता. मी त्या दिवसाची वाट बघत होते आणि वाट बघताना स्वतःचाच राग येत होता. प्रयोग संपला की उंदरांनाही संपवावं लागतं. मला हवा होता तो दिवस त्यांचा शेवटचा होता.

बुधवारी गाईडबाईंनी बोलावलं. "औषध लागू पडतंय. आणखी दोन महिने दिलं तर किडनीवर काय परिणाम होतो ते कळेल. पण तुझ्या पदवीपुरतं काम झालंय. तूच ठरव."

"थांबवू या" अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चालवू या."

खोलीत परतले तर तो काचेच्या दाराबाहेर उभाच होता. मी इंटरकॉम उचलला.

"आणखी दोन महिने... मीच हो म्हटलं. आत्ता थांबवलं असतं तर याच उत्तरासाठी पुढे कुणीतरी नवे उंदीर मारले असते. का, तर मला तुझ्याशेजारी बसायचं होतं म्हणून!"

बोलून बसले आणि कानापर्यंत लाल झाले.

"मीही हेच ठरवलं असतं," तो हळूच म्हणाला. "पण दोन महिन्यांनी त्यांना झोपवायला मलाच आत यावं लागेल. माहीत आहे ना?"

"आहे."

"त्या दिवशी आधी तुझा हात धरीन. ते काम दोघं मिळून करू. आणि मग... मग मला तुला सोडून कुठेच जायचं नाही."

मी नुसती मान हलवली आणि दुपारचे आकडे घ्यायला पिंजऱ्यांकडे वळले. तो बाहेरच उभा होता.