चांदी ठेवून नेलेलं खोगीर

खोगीर गेलं होतं आणि चांदी जागच्या जागी होती.

कोठाराच्या दारात उभा राहून सदका अफंदी बराच वेळ तेच बघत राहिला. खोगिराच्या चांदीच्या रिकिबी सोडवून जमिनीवर ठेवलेल्या, लगाम खुंटीला, जरीची झूल रिकाम्या घडवंचीवर पसरलेली. गेलं होतं फक्त कातडं. रास-मिल्ह बंदराचा पोलीसप्रमुख म्हणून त्याने आधी तुर्कांची चाकरी केली आणि आता या वाळवंटातल्या राजाची. मधली दोन वर्षं तुर्कांनी त्याला सालोनिकाला धाडलं होतं, तिथे एका ग्रीक खाटकाच्या दुकानावर त्याची खोली होती. चोर त्याने गावोगावचे पाहिले होते, पण चांदीला हात न लावणारा हा पहिलाच.

दाराच्या कडीत पट्ट्याचा बोटभर तुकडा अडकला होता. त्याने तो उजेडात धरला. मऊ, पिवळसर, आणि त्यावर बारीक टिंबं, तीन-तीनच्या पुंजक्यात. त्याने तुकडा रुमालात बांधला.

खोगीर कुणाचं, हे बंदरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. महायुद्ध संपल्यापासून दोन बड्या सत्ता राजाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. गाव एकांना चहावाले म्हणे, दुसऱ्यांना शेवयावाले. दोघांच्या वकिलाती समुद्राकाठी समोरासमोर. दिवसभर एकमेकांच्या गच्चीवर दुर्बिणी लावून बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, एवढाच त्यांचा उद्योग. शेवयावाल्यांनी राजाला विमान दिलं, ते जागचं हललं नाही. म्हणून चहावाल्यांनी राजाला भेट द्यायला हे खोगीर मागवलं. आज तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर राजा ते भर दरबारात घेणार होता आणि मग चहावाल्यांशी तहावर शिक्का उठणार होता.

कोठाराची किल्ली एकट्या मर्झूककडे. मर्झूक राजाच्या घोड्यांचा मोतद्दार, जन्माने गुलाम, आता मोकळा. सदकाच्या आईने दोघांना एकाच वेळी अंगावर पाजलं होतं, तेव्हा सदकाचा तो दूधभाऊ. सकाळी त्यानेच दार उघडलं, त्यानेच ओरडा केला आणि त्यालाच बेड्या पडल्या. बंदराचा सुभेदार अमीर फुहैद याने काजीला बोलावूनही घेतलं होतं. नमाजापर्यंत खरा चोर सापडला नाही, तर मर्झूकचा उजवा हात मनगटापासून जाणार होता.

"काल दुपारी कोण आलं होतं?" सदकाने मर्झूकला विचारलं.

"चोर कुणी आला नाही रे. इद्रीस आला होता, चहावाल्यांचा दुभाष्या. खोगिराला चकाकी आणायला. पेटी भरून ब्रश आणि मलम घेऊन, दोन हमालांबरोबर."

"तू आत होतास?"

"त्याने बाहेर बसवलं. मलमाचा वास डोक्यात जातो म्हणाला. जाताना सांगितलं, झुलीखाली झाकून ठेवलंय, मलम मुरू दे, सकाळपर्यंत दार उघडू नकोस." मर्झूकने बेडीतले हात वर केले. "ऐट बघ त्याची. एवढ्या उकाड्यात पांढरे हातमोजे घालून आला होता, नवरदेवासारखा. मी परवा रात्रभर त्या खोगिरावरून हात फिरवला, मला नाही लागले मोजे."

अमीर फुहैदला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, स्वतः दिलेली भेट कोण चोरतं? खोगीर त्याला फारच आवडलं होतं. परवा ते कोठारात आलं तेव्हा तो स्वतः त्यावर बसून बघून आला होता. शेवयावाल्यांनी मर्झूकला पैसे चारले असं चहावाल्यांचा वकील म्हणतोय आणि त्याला आपली ना नाही, असं त्याने सांगून टाकलं. हात कापला की राजाची अब्रू राखली जाते, वकील गप्प होतो आणि जेवण वेळेवर होतं. सदकाने मान लववली. अशा माणसापुढे मान लववताना त्याला नेहमी ढेकर दाबल्यासारखं वाटायचं.

तो आधी शेवयावाल्यांकडे गेला. त्यांचा वकील बोनुच्ची गच्चीवर छत्रीखाली दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. चोरीचं नाव काढताच त्याने आईची शपथ घेतली, मग मरियमची, मग आपल्या पदकाची. सदकाने त्याला संपू दिलं आणि विचारलं, की काल दुपारी समोर काय दिसलं. बोनुच्ची इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, की सगळं गाव झोपलेलं असताना चहावाल्यांच्या मुदपाकखान्यातून धूर येत होता. ते गुप्त कागद जाळत होते. लढाई जवळ आली आहे, अशी तार त्याने आपल्या सरकारला रातोरात केली होती.

"वास कसला होता?"

"केस जळल्यासारखा. मला वाटलं, स्वयंपाकच असेल. त्यांचं जेवण तसंच असतं."

लढाईची तार करणारा हा माणूस सदकाला आवडण्याजोगा नव्हता, पण नाक त्याचं चांगलं होतं.

चहावाल्यांच्या अंगणात शिरताना सदकाला इद्रीस दिसला. हलब शहरातला, सुशिक्षित, नेहमी कडक इस्त्रीतला. आता तो मोरीशी उकिडवा बसून कोपरापर्यंत माती चोळत होता. चोळून धुतलं, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा धुतलं. शेजारी चुलीच्या राखेची टोपली होती. कुत्र्याची लाळ लागली की गावातली माणसं असंच माती लावून हात धुतात.

"काय झालं, इद्रीस?"

"साहेबांच्या कुत्र्याने चाटलं," इद्रीस वर न बघता म्हणाला.

सदका अंगणाबाहेर आला. साहेबांचं कुत्रं मागच्या महिन्यात मडमेबरोबर आगबोटीने गेलं होतं. कुत्र्याला स्वतंत्र खोली मिळाली आणि हाजी डेकवर झोपले, म्हणून सारं बंदर महिनाभर हसत होतं. त्याने रुमाल सोडून तो तुकडा पुन्हा बघितला, आणि सालोनिकातल्या खाटकाच्या दारात टांगलेली कातडी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने रुमालासकट तो तुकडा मातीत टाकला, मग नाइलाजाने दोन काड्यांनी उचलून डबीत घातला.

दुपार कलताना त्याने अमीरच्या खासगी दालनात तिघांना गाठलं. अमीर, चहावाल्यांचा वकील पेल्हॅम आणि दुभाष्या म्हणून आलेला इद्रीस. पेल्हॅम शिळ्या पावासारखा ताठ बसला होता. तो म्हणत होता, की आपल्या बादशहाचा अपमान झाला आहे आणि चोराला शिक्षा झाल्यावाचून आपण उठणार नाही.

"खोगीर यांनीच नेलं, हुजूर," सदका म्हणाला. "इद्रीसच्या पेटीतून. आणि काल दुपारी चुलीत घातलं."

अमीरने भुवया चढवल्या. "स्वतःचीच भेट?"

"म्हणून तर कुणी यांच्याकडे बघितलं नाही. चोराने चांदी नेली असती. वैऱ्याने सगळंच मोडलं असतं. इथे फक्त कातडं नाहीसं करायचं होतं. इद्रीस नमाजी माणूस आहे, म्हणून त्याने मोजे घातले. आज चुलीतली राख उपसल्यावर त्याने हात मातीने धुतले आणि मला कुत्र्याचं नाव सांगितलं. कुत्रं तर आगबोटीने गेलंय." त्याने डबी उघडून अमीरपुढे ठेवली. "ही टिंबं तीन-तीनची आहेत. गाय, बकरी, उंट, कुणाच्याच कातड्यावर केसांची अशी भोकं नसतात. मी सालोनिकात रोज बघत होतो. हे डुकराचं कातडं आहे. आणि कुत्र्यासारखा डुकराचा विटाळही मातीनेच धुतात."

इद्रीसने भाषांतर केलं नाही. तो जमिनीकडे बघत होता. पेल्हॅमला मात्र त्याची गरज दिसली नाही, त्याचा चेहरा उतरला होता.

"त्यांच्या मुलखात उत्तम खोगीर डुकराच्याच कातड्याचं करतात," सदका पुढे म्हणाला. "इथे वीस वर्षं राहून, आमच्या रूढींवर पुस्तकं लिहून, यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. इद्रीसने पाहिलं तेव्हा खोगीर कोठारात पोचलं होतं. परत मागावं तर कारण सांगावं लागणार. म्हणून चोरी. आणि आळ शेवयावाल्यांवर आला तर तहही हातात. मधे एका मोतद्दाराचा हात गेला तर जाऊ दे."

इद्रीस हळूच म्हणाला, "मी साहेबांना म्हटलं होतं, खरं सांगू या. ते म्हणाले, मोतद्दाराचं काय एवढं."

अमीर फुहैद आपल्या तळव्यांकडे बघत होता. मग त्याने बसल्या जागी जरा चुळबुळ केली. आपण परवा कशावर बसलो होतो ते त्याला आठवलं असावं. पण तो शहाणा होता. थोड्याच वेळात त्याचा चेहरा खुलला. ही गोष्ट या चौघांबाहेर जाणार नाही, तो म्हणाला, आणि तहातली जकातीची कलमं आज राजाच्या सोयीने नव्याने लिहिली जातील. पेल्हॅमने मान डोलावली. दरबारात तो सांगणार होता, की खोगिराचा टाका उसवला म्हणून आपणच दुरुस्तीला नेलं आणि कळवायचं राहून गेलं. दोघांनी कॉफी मागवली.

"आणि मर्झूक?" सदकाने विचारलं.

"कोण मर्झूक?" अमीर म्हणाला.

बेड्या सदकाने स्वतः काढल्या. मर्झूक मनगटं चोळत तबेल्याच्या हौदापाशी बसला. कुणी नेलं, काय झालं, त्याने काही विचारलं नाही. मोठ्या लोकांच्या गोष्टी विचारायच्या नसतात, एवढं तो लहानपणीच शिकला होता.

"कातडं मात्र काय मऊ होतं रे," तो म्हणाला. "मी गाल लावून बघितला होता. हरणाचं असेल ना?"

"हरणाचंच," सदका म्हणाला. "हात पुढे कर."

त्याने मर्झूकच्या हातांवर पाणी ओतलं. मग हौदाच्या कडेची ओली माती घेतली आणि त्याच्या तळव्यांना, बोटांना, शेवटी गालाला लावली. स्वतःच्या हातांनाही लावली. पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. मर्झूक आधी हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. माती कशासाठी लावतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याने उजवा हात वर धरला.

"त्या कातड्यासाठी हा कापणार होते?" त्याने विचारलं.

"हो."

वर दालनात कॉफीचे पेले वाजत होते. मर्झूकने मूठभर माती घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागला.