केस परत आले तेव्हा

शेलूबाजारच्या दवाखान्यात हेमला ओढणी कपाळापर्यंत ओढून बसली होती. शेजारच्या तरुणानं टोपी काढली… विरळ केसांतून टाळू दिसत होती. तिची नजर गेली तसा तो हसला.

"पाहा, पाहा. डेंग्यूची मेहरबानी हाय."

"माहेबी…" तिच्या तोंडून निघून गेलं आणि डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तेच सांगितलं — तापानंतर असं होतं, काही महिन्यांत केस परत येतात.

तो उत्कर्ष. बाजारात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. हेमला मळ्यातली मेथी घेऊन बाजाराला यायची, आणि येता-जाता तिथं थबकायची.

"आज काही नवे आले?" तो विचारायचा.

"तुमी मोजता काय माहे केस?"

"मोजू देशीन काय?"

ती लाजून पळायची. घरी मात्र हसू मावळायचं. रिसोडच्या स्थळानं निरोप धाडला होता, 'केस आले की पाहू पोरगी.' तो निरोप तिला आतून सलत होता.

हिवाळा सरत आला, तेव्हा तिच्या कपाळाशी कोवळी लव दिसू लागली.

"आले की!" उत्कर्ष आनंदला. हेमला रडू लागली.

"काहून रडतं?"

"आता ते लोक येतीन… रविवारी."

त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. "आमी बौद्ध, तुमी माळी. तुह्या बापूले मी चालीन काय?"

"मले चालतं ना…" ती कसंबसं म्हणाली.

रविवारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आले बाई, आता काही अडचण नाही."

हेमलानं हळूच तो हात बाजूला केला. "मावशी, माहा जीव दुसऱ्यावर हाय. मले हे लग्न करायचं नाही."

पाहुणे चहा न घेताच उठले. हेमलाचे बापू, मारोतराव, उठून मळ्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी भाजीची टोपली तिच्या डोक्यावर ठेवून दिली नाही, आईनं दिली.

दुकानाच्या पायरीवर बसून तिनं उत्कर्षला सगळं सांगितलं. "बापू बोलत नाही माह्याशी. लहानपणापासून असं कधी झालं नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी येऊ घरी? हात जोडतो त्यायच्यासमोर."

"आत्ता नको… थांबशीन?"

"थांबतो."

तो तिच्याजवळ बसला. समोरून तिच्या गावाकडची, मंगरूळपीरची जीप भरून निघून गेली. दोघांपैकी कोणालाही उठावंसं वाटलं नाही.