गाठीचं पाणी

पाणी तोडलं की तण मरतं. पण मग पीकही वाळणार नाही का?

हा प्रश्न माझ्या आबांचा. तीस वर्षं ते मुळा नदीच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं ते बघायचे. २०५१ साली त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. यकृत आधीच अशक्त, त्यामुळे ती कापून काढता येईना. डॉक्टर तांबोळींनी सुचवलं की गाठीचं रक्तच अडवू. आबा नको म्हणाले. पाणी तोडलं तर सगळंच रान जाईल. आमचे आबा एकदा नको म्हणाले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. मला मात्र ते हवे होते, आणि मी खूप रडले.

शेवटी मी धागाला गाठलं. धागा हा रुग्णालयातला यंत्रमानव. त्याने आबांना एवढंच विचारलं, की विहीर आणि पाट दोन्ही असलेलं शेत पाहिलंय का. आबांनी अशी ढीगभर पाहिली होती.

"यकृत तसंच आहे," धागा म्हणाला. "आतड्यांकडून येणारी मोठी शीर (प्रतिहारी शीर) ही त्याची विहीर. हृदयाकडून येणारी धमनी (शुद्ध रक्ताची वाहिनी) हा पाट. यकृताची बरीचशी तहान विहिरीवर भागते. गाठ मात्र जवळजवळ सगळं पाटाचंच पिते."

आबांनी बोटाने हवेत पाट आखला, मग त्यातून शेतात जाणारी बारीक चारी.

"मंग तिची तेवढीच चारी बंद कर," ते म्हणाले. "पीक विहिरीवर निघंल."

दुसऱ्या दिवशी धागाने मनगटाच्या धमनीतून कॅथेटर (शेवईसारखी बारीक, लवचीक नळी) थेट यकृतापर्यंत सरकवला आणि औषध भरलेले सूक्ष्म मणी सोडले. ते गाठीच्या वाटेत अडकले. औषध तिथेच मुरलं आणि रक्तही थांबलं. आबा जागेच होते, पडद्यावर सगळं बघत होते. मी काचेपलीकडे उभी होते.

काम झालं, असं धागाने सांगितलं. पण चारीचं दार लावून सरळ घरी जाईल तो पाटकरी कसला?

"गाठ दुसरीकून चोरून पितीय का, ते बघ," आबा म्हणाले.

धागाने पुन्हा चित्र घेतलं. ते तो घेणारच होता, असं त्याने मला नंतर हळूच सांगितलं. गाठीकडे जाणारा एक बारीक फाटा खरंच सापडला. तोही बंद झाला.

आबांना दोन दिवस ताप आला, पोट दुखलं. तीन महिन्यांनी गाठ निम्मी झाली होती. आजार संपलेला नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा एकदा हे करावं लागेल. आणखी आकसली तर कदाचित कापताही येईल.

आबांनी टोपी नीट केली आणि स्वतःहून तारीख मागून घेतली.

"मुक्ते, तू बी चल," ते म्हणाले. "मला न दिसलेला फाटा तुला दिसंल."