बाकावरची जागा

फोन आला तेव्हा मामा एका माणसापुरता चहा गाळत होते.

“मामा, माझ्यावर चोरीचा आळ आलाय,” भाची म्हणाली. “उद्या चारपर्यंत कबूल हो, नाहीतर नोकरी गेली समज, असं मालक म्हणालेत. खेळाच्या पाचव्या भागावर माझं नावही राहणार नाही.”

“मी काय करणार? मला तुमच्या संगणकावरच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

“चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यास ना? मग एक माझ्यासाठी काढ.”

मामा मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घरातला दुसरा कप एव्हाना कपाटाच्या मागच्या रांगेत गेला होता. नाही म्हणावं असं त्यांना वाटलं, पण नाही म्हणायलाही धाडस लागतं. त्यांनी चपला घातल्या.

भाचीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर जिन्यापाशी एक लाकडी बाक होता. आत दहा टेबलं होती, त्यांतली चारच वापरात.

मालक तरुण होता आणि त्याची झोप झालेली दिसत नव्हती.

“आमचा खेळ म्हणजे गोष्टच असते, काका,” तो म्हणाला. “पाच भाग. एक मुलगी हरवलेल्या बापाला शोधत बेटावर येते. चालणं-फिरणं आपोआप होतं. मध्येच कोणीतरी तिला प्रश्न विचारतं. पडद्यावर तीन उत्तरं येतात, खेळणाऱ्यानं एक निवडायचं. त्यावर पुढची गोष्ट बदलते. एका भागातली निवड पुढच्या भागातही लक्षात ठेवली जाते.”

“मग चोरी कशाची?”

“चौथा भाग अजून बाजारात नाही. खेळांवर लिहिणाऱ्या नऊ परीक्षकांना आधी दिला. त्यातला एक प्रसंग मी काढायला लावला होता, म्हणजे तिथे नेणारे सगळे मार्ग बंद करायला. बाप दिव्याच्या खोलीत बसलेला असतो, मुलगी येते, तो बाकावर सरकून तिला जागा देतो. पाच मिनिटं दोघं नुसती बसतात. लोक झोपतील हो. आठ परीक्षकांच्या लिखाणात त्या प्रसंगाचं नाव नाही. नवव्यानं मात्र पानभर शिव्या घालून शेवटी लिहिलं, ‘बाप सरकून जागा देतो, तेवढंच काय ते खरं.’”

“त्यांनी पाहिला कसा?”

“तोच तर प्रश्न आहे. पूर्ण प्रत दोघांकडेच. एक माझ्याकडे आणि एक हिच्याकडे. प्रसंग लिहिला हिनं. काढला म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, त्यांना प्रत कोणी दिली असेल.”

भाची खिडकीशी उभी होती. “तीन भाग त्या माणसानं मला धोपटलं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा चार शब्द बरे लिहिले, तर त्यांनीच माझा गळा धरला.”

“ते मार्ग बंद झाले की नाहीत, हे तपासलं कोणी?” मामांनी विचारलं.

“मी,” मालक म्हणाला. “ही घ्या यादी. एकूण एक उत्तर दाबून पाहिलंय.”

मामांनी यादी चाळली. प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी होत्या आणि तीनच खुणा. चौथी ओळ कशाची, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण उगाच अडाणी दिसू, म्हणून ते गप्प बसले.

नववा परीक्षक गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर राहत होता. वीस वर्षं खेळांवर लिहिणारा, फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेला. बेल वाजवल्यावर आतूनच आवाज आला.

“दार लोटलेलंच आहे. या.”

खोलीत पुस्तकं होती, मोठा पडदा होता, एक खुर्ची होती. परीक्षक जाड लोकरी अंगरख्यात बसला होता, दोन्ही हात खिशांत. पुढ्यात चहा होता. शेजारीण ठेवून गेली असावी, कारण बशीखाली तिच्या हातची चिठ्ठी होती: ‘गरम आहे तोवर प्या.’ वर साय धरली होती.

“त्या लिहिणाऱ्या मुलीचे मामा का? मालकाचा फोन आला होता. बसा. पण खुर्ची एकच आहे.”

मामा उभेच राहिले. “तुम्हाला पूर्ण प्रत कोणी दिली?”

“कोणीही नाही. मला जी पाठवली तीच पाहिली.”

“मग तसं मालकांना लिहून द्या. माझ्या भाचीची नोकरी वाचेल.”

“सांगितलं मी. तो म्हणतो, अशक्य.”

“त्या प्रसंगाआधी तुम्ही कोणतं उत्तर निवडलंत, तेवढं सांगा. म्हणजे तपासता येईल.”

परीक्षकानं पडद्याकडे पाहिलं. पडदा बंद होता.

“कसं खेळलो हे सांगायला मी बांधील नाही.”

“पण तिचं नुकसान होतंय.”

“मला वाईट वाटतं. निघताना दार नुसतं लोटून घ्या.”

निघताना मामांची नजर उंबऱ्याजवळच्या बुटांवर गेली. चांगले चामड्याचे बूट, पण नाड्या काढून टाकलेल्या. टापटिपीच्या माणसाचं हे काय, असं मनात येऊन गेलं.

घरी आल्यावर मामांनी त्यांना जमणारी एकमेव गोष्ट केली. सगळ्या परीक्षकांचं पहिल्या तीन भागांवरचं लिखाण शेजारी शेजारी मांडलं आणि ओळीओळीवर पट्टी ठेवून ताडून पाहिलं.

एकानं लिहिलं होतं, मुलगी फार तोंडाळ आहे. दुसऱ्यानं, मुलगी समंजस आहे. नवव्यानं, मुलगी दगडासारखी उभी राहते. दुसऱ्या भागात कोणाचा कुत्रा वाचला होता, कोणाचा बुडाला होता. ‘कुत्र्याला वाचवताच येत नाही,’ असं नववा म्हणत होता. तिसऱ्या भागावर त्याचं वाक्य होतं, ‘निवड ही निव्वळ थाप आहे. माणसं विचारतात आणि आपल्या उत्तराची वाट न पाहता निघून जातात.’

मामांनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली. का ओढली, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी भाची आधीचे तीन भाग आणि परीक्षकांना पाठवलेली चौथ्याची प्रत घेऊन आली. “खेळून बघ. निदान माझ्यावर कशाचा आळ आहे ते तरी कळेल.” मांडून देऊन ती ऑफिसात परत गेली.

मामा खेळायला बसले. बेटावर धुकं होतं. एका नावाड्यानं मुलीला विचारलं, कोणाकडे आलीस? खाली तीन उत्तरं उमटली आणि वेळ मोजणारी एक पांढरी रेघ आखडू लागली. मामांनी पहिलं उत्तर वाचलं. दुसरं वाचलं. सवयीनं पहिलं पुन्हा वाचलं. तिसऱ्यावर येईपर्यंत रेघ संपली. नावाडी खांदे उडवून निघून गेला.

पुढच्या प्रश्नालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. मामांना स्वतःची लाज वाटू लागली. कुत्रा बुडाला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात असे पुष्कळ प्रश्न त्यांना विचारले गेले होते आणि उत्तर सापडेपर्यंत माणसं निघून गेली होती.

चौथ्या भागाच्या शेवटी मुलगी दिव्याच्या खोलीत शिरली. बाप पाठमोरा बसला होता. तो काही न बोलता बाकावर सरकला.

मामांनी भाचीला फोन लावला. “तो प्रसंग या प्रतीत आहे. माझ्या समोर चालू आहे. मी काहीच दाबलं नाही.”

“गप्प राहण्याचा मार्ग,” ती हळूच म्हणाली. “तो बंद करायचा राहिला.”

मग मामांनी परीक्षकाला फोन केला. “उद्या चारला ऑफिसात या. तुमच्या पाठीमागे बोलणं मला जमणार नाही.”

परीक्षकानं फोन ठेवून दिला.

पण चारला तो आला. हात खिशांतच होते. भाचीनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मालक हाताची घडी घालून उभा राहिला.

चार माणसांसमोर बोलायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती.

“चोरी झालीच नाही,” ते म्हणाले. “तुमच्या यादीत प्रत्येक प्रश्नाखाली चौथी ओळ कोरी आहे. ती कशाची?”

मालकानं यादी पाहिली. “उत्तर न देण्याची. ती कोणी तपासत नाही हो. दाबायचं काहीच नसतं, नुसतं बघत बसावं लागतं. आणि खेळायला बसलेला माणूस गप्प कशाला राहील?”

“मी राहिलो, हळू वाचतो म्हणून. पहिल्या भागापासून चौथ्यापर्यंत गप्प राहिलेल्याला तुमचा खेळ त्या खोलीत नेतो. काल मी परीक्षकांच्याच प्रतीत तो प्रसंग पाहिला.”

“तुमचं समजू शकतो, काका. पण हे वीस वर्षं खेळतायत.”

“म्हणून मी यांचं लिखाण पुन्हा वाचलं. मुलगी दगडासारखी उभी. कुत्रा वाचतच नाही. माणसं उत्तराची वाट न पाहता निघून जातात. माझ्या खेळात अगदी हेच झालं. यांनी चारही भागांत एकदाही काही निवडलेलं नाही.”

“निवडीला थाप म्हणणाऱ्यानं निवडच केली नाही?” भाचीचा आवाज चढला. “का?”

मामा अडखळले. लोटलेलं दार, साय धरलेला चहा, नाड्या काढलेले बूट, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. गोष्टीतला हुशार माणूस अशा वेळी एकेक पुरावा टेबलावर मांडतो. मामा खाली बघत राहिले.

“ते यांनाच सांगू दे,” ते म्हणाले.

मग परीक्षकानं खिशांतून हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. टेबलावरची पेन्सिल हलली, घरंगळली आणि खाली पडली.

“दीड वर्ष झालं,” तो म्हणाला. “भलतंच बटण दाबलं जायचं. मनात एक आणि पडद्यावर दुसरंच. म्हणून दाबणं सोडलं. लेख बोलून लिहवतो. कळलं असतं तर सदर गेलं असतं, आणि त्याच्याखेरीज माझ्याकडे फोन यायचं दुसरं कारण नाही.”

“म्हणून माझी नोकरी जाऊ देत होतात?” भाची म्हणाली.

“हो.” त्यानं नजर चुकवली नाही. “आज सकाळी संपादकांना सगळं कळवलंय. चारही लेख मागे घेतोय. एक वाक्य सोडून.”

मालकानं भाचीकडे पाहिलं. “तो प्रसंग परत घालू,” तो पुटपुटला. “आणि माझं चुकलं.”

“ते आधी म्हणायचं असतं,” भाची म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मामा बाहेर आले. भाचीचं काम संपेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून जिन्यापाशी बाकाच्या मधोमध बसले. आपण बरं केलं की वाईट, ते त्यांना कळत नव्हतं. एकीचं राहिलं होतं, एकाचं गेलं होतं.

थोड्या वेळानं परीक्षक बाहेर आला. जिन्याच्या तोंडाशी थांबला. हात पुन्हा खिशांत होते. आता घरी जाऊन काय करायचं, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, आणि ते मामांना नीट वाचता आलं.

काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. पहिलं वाक्य सुचलं, ते बरं वाटलं नाही. दुसरं त्याहून वाईट होतं.

मामा काही न बोलता बाकावर सरकले.