पापनाशमची तक्रार

आत्याच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला विनुता तमिळनाडूतल्या पापनाशमच्या रक्तपेढीत आली, तेव्हा काउंटरवरचा तरुण, प्राणेश, संगणकाकडे बघून मराठीत पुटपुटत होता. इथं आपलं कुणाला कळणार, या भरवशावर.

“ज्यानं हा फॉर्म केला, त्याला एकच इडली दहादा गिळायला लावली पाहिजे.”

“ज्यानं नाही… जिनं,” विनुता म्हणाली. “आणि ती मीच.”

प्राणेशचे कान लालबुंद झाले. तंजावूरच्या ज्या छोट्या कंपनीनं रक्तपेढीची ही वेबसाइट बांधली, तिथं विनुता जावा प्रोग्रामिंगचं काम करायची.

“तुम्ही… मराठी?”

“तंजावूरच्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीतली. झालंय काय?”

जवळच्या गावातल्या अडलेल्या बाईला बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. प्राणेशनं नाव, वय, रक्तगट भरला. तालुका निवडताच इस्पितळांची यादी आली – आणि भरलेलं सगळं कोरं झालं. त्यानं पुन्हा टाइप करायला घेतलं.

“आधी तालुका निवडा, मग बाकीचं भरा. आत्ता एवढं चालवा,” ती म्हणाली. विनंती गेली. दात्यांना निरोप पोचले.

विनुता बाकावर लॅपटॉप उघडून बसली. चूक तिचीच होती. तालुका बदलला की पडद्यामागचा अजॅक्स कोड सर्व्हरला फक्त तालुका कळवायचा, पण परत येताना अख्खा फॉर्म नव्यानं काढायचा. बाकीचं सर्व्हरनं पाहिलेलंच नसायचं, म्हणून ते पुसलं जायचं. नव्यानं काय काढायचं, तिथं तिनं फक्त इस्पितळांच्या यादीचं नाव लिहिलं.

“आता बघा.”

प्राणेशनं नाव लिहिलं, तालुका बदलला. यादी बदलली. नाव जागेवर राहिलं. तो हळूच हसला, आणि विनुताची नजर उगाच पडद्यावर खिळली.

विनुता रक्त देऊन उठली, तोवर एक दाता मोपेडवरून इस्पितळात पोचला होता. दुपारी फोन आला – बाई सुखरूप, मुलगी झाली. प्राणेश खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. विनुतानं त्याच्यापुढे कॉफीचा टंबलर सरकवला.

मग पापनाशमहून तक्रारी येऊ लागल्या. बटण फिकं दिसतं. अक्षर बारीक आहे. विनुता दर वेळी बसनं जायची, आणि परतताना खिडकीतून भातशेतं बघत स्वतःला दटावायची – त्याला कामाशी काम, तू कशाला…

एका शनिवारी यादी हळू येते म्हणून त्यानं बोलावलं. तिनं तपासलं. यादी झटकन आली.

“प्राणेश, यात काही बिघडलेलं नाही.”

“नाही.” तो टेबलाकडे बघत राहिला. “मागच्या वेळीही नव्हतं.”

“बटणाच्या वेळीच कळलं होतं मला.”

“मग… येत का राहिलात?”

“तुम्ही बोलवायचं थांबवाल, याची भीती वाटायची.”

त्यानं मोठा श्वास सोडला, जणू कधीपासून कोंडून धरलेला. “विनुता, मला तू आवडतेस. आता खोटं काय सांगून बोलवायचं, तेच सुचत नव्हतं.”

“सरळ बोलव,” ती म्हणाली, आणि तिनं लॅपटॉप मिटला. “आज शेवटची बस चुकली तर सोडशील ना घरी?”

“तुझ्या अम्मा काय म्हणतील?”

“‘कॉफी पिऊन जा’ म्हणेल.”