अक्तीच्या आदल्या रात्रीची फरशी

पिंकी, तो मोबाईल खाली ठेव आणि जरा जवळ सरक. सुशील, तुला हसायचं तर हसून घे. पण ज्याच्यावर हे बेतलं तो निरंजन माझ्याच ऑफिसात होता आणि बढाया मारणाऱ्यातला तो नव्हे. उलट त्याच्या तोंडून शब्द काढायला पकड लागते. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

तारीख एकोणतीस एप्रिल, दोन हजार पंचवीस. मंगळवार. दुसऱ्या दिवशी अक्ती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आणि सकाळी सात वीसला त्याच्या नव्या घराच्या वास्तूचा मुहूर्त. सदर बाजारातून पितळी कलश, तोरण आणि दूध उतू घालायला नवं पातेलं घेऊन तो संध्याकाळी स्कूटरने निघाला. घर नवा रायपूरच्या रस्त्याला, एका नव्या कॉलनीत. आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट.

घराचा हट्ट त्याचा स्वतःसाठी नव्हता, वडिलांसाठी होता. लहानूजी रेल्वेत गँगमन. उभी हयात क्वार्टरात गेली आणि पेन्शनीनंतर शंकर नगरात भाड्याच्या खोल्यांत. आता दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खावंसं वाटेल ते खाऊ द्या. तेव्हा म्हातारा मुलाचा हात धरून म्हणाला, "निरंजन, एक रात तरी मले आपल्या सोताच्या घरात निजू दे बाप्पा." त्या दिवसापासून निरंजनला अन्न गोड लागत नव्हतं.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, हे काही उगीच म्हणत नाहीत. नळवाल्याने जोडणी चुकवली, म्हणून हॉलची फरशी उखडावी लागली. सुताराने आतली दारं पॉलिशला नेली ती आणलीच नाहीत. खिडक्यांचे ग्रिल तेवढे वेळेवर बसले आणि असे भक्कम बसले की मांजर शिरू नये. उरला होता हॉल. मनहरण मिस्त्रीने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मंगल की रात तक टाइल हो जाएगा भैया."

आता रायपूरचं शेंबडं पोर सांगेल की अक्तीला गावोगाव लग्नं असतात आणि दोन दिवस आधीच सगळे मिस्त्री-मजूर गाव गाठतात. निरंजनलाही ते ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

तो पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. हॉलमध्ये वायरीला लटकवलेला एक बल्ब जळत होता. मिस्त्री कोपऱ्यात उकिडवा बसला होता. पाठ इकडे, डोक्याला गमछा. रबरी हातोडीने फरशी ठोकत होता. ठक. ठक. ठक. ते पाहून निरंजनच्या जिवात जीव आला. नवं घर म्हणून त्याने चपला बाहेरच काढल्या आणि उखडलेल्या जमिनीवरून अनवाणी आत गेला.

"मनहरण, आज हो जाएगा ना?"

"हव," मिस्त्री म्हणाला. वळला नाही.

हॉलच्या मागे लहानूजींची खोली. तिथली फरशी आधीच झाली होती. निरंजनने पलंग जोडला, गादी टाकली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या. बाबांना पडल्या पडल्या आकाश दिसावं म्हणून पलंग खिडकीशी सरकवला. बाहेर ठक ठक चालूच होती आणि त्याला ती गोड वाटत होती. मध्येच डोळे भरून आले, तेही त्याने मला सांगितलं.

काम उरकून तो निघाला आणि चौकटीत थबकला.

सगळा हॉल फरशीने भरला होता. बाहेरच्या दारापासून थेट इथपर्यंत. त्याच्या पायापुढे फक्त तीन ओळी राहिल्या होत्या.

पोट्टेहो, फरशी कशी लावतात? आतून सुरू करून दाराकडे मागे मागे सरकत, म्हणजे मिस्त्रीला शेवटी बाहेर पडता येतं. हा दारापासून सुरू करून आत सरकत आला होता. पाठ निरंजनकडे करून.

"अरे, उल्टा क्यों लगाया? मैं निकलूँ किधर से?"

ठक. ठक.

ओल्या फरशीवर पाय दिला की ती खचते. सकाळी बाबांना आणायचं. खचलेल्या, उसवलेल्या घरात आणायचं? निरंजनने विचार केला, रात्र इथेच काढू. राधिका, म्हणजे बायको, सकाळी बाबांना रिक्षाने घेऊन येईल. काय बिघडलं?

आठ पन्नासला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, मनहरण मिस्त्री.

"भैया, गुस्सा मत होना. भतीजी का बिहाव है, मैं दोपहर में ही गाँव निकल गया." मागे बँड वाजत होता. "हॉल वैसे ही पड़ा है, दो दिन में..."

"फिर इधर किसको भेजा?"

"किसी को नहीं भैया. अक्ती में कौन आएगा?"

फोन कटला.

ठक.

दोन ओळी राहिल्या.

निरंजन मागे सरकला. दार लावावं तर दार सुताराकडे. खिडकीला ग्रिल. त्याने ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही. बाहेर काळोख. बीजेची चंद्रकोर कधीच बुडाली होती. हाक मारावी तर कोणाला?

आणि त्याच्या आता लक्षात आलं. एवढा वेळ झाला... त्या माणसाने पाण्याचा घोट घेतला नव्हता. खोकला नव्हता. मानही वर केली नव्हती.

ठक. ठक.

एक ओळ.

गमछ्याची गाठ हाताला लागेल एवढ्या जवळ आली होती. वास नुसता ओल्या सिमेंटचा. माणसाचा नाहीच.

पुन्हा फोन. राधिकाचा नंबर, पण आवाज बाबांचा.

"कुठी आहेस रे? माहा जीव लागून राहिला इकडे."

"बाबा... बाबा, अडकलो हो. फरशी ओली आहे. पाय ठेवला तर सगळी खचते. सकाळी तुमच्यासाठी..."

"फरशी गेली चुलीत!" म्हातारा ओरडला. पुढे त्याला धाप लागली. "तू नसल्यावर मले घर घेऊन काय करायचं आहे? आत्ता नीघ. ऐकतं का? आत्ता."

ठकठक थांबली.

शांत.

गमछा बांधलेलं डोकं... हळूहळू... वळायला लागलं.

निरंजनने पाहिलं नाही. डोळे मिटून त्या खांद्यावरून उडी घेतली. फरशा पायाखाली सरकल्या, कचकन खचल्या, पाय खालच्या सिमेंटच्या मसाल्यात रुतले. पडला, उठला, पळाला. चपला तिथेच टाकून स्कूटरला किक मारली ती थेट शंकर नगरात येऊन थांबला. बाबा उशाला टेकून जागे होते. निरंजनने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला.

सकाळी त्याने राधिकाला एवढंच सांगितलं की हॉल बिघडला आहे. लहानूजी हटून बसले. "माती असो की फरशी, मी येतो." राधिकाचा भाऊ बंडू आणि निरंजन, दोघांनी त्यांना खुर्चीवर बसवून नव्या घराच्या दारापर्यंत उचलून आणलं.

हॉल पूर्ण झाला होता. शेवटची ओळही. एकही फरशी खचलेली नव्हती. सांध्यांत पांढरं सिमेंट भरून झालं होतं आणि त्याचा पातळ थर सगळ्या हॉलभर वाळला होता. राधिका म्हणाली, "बिघडला कुठे? किती छान झाला आहे."

लहानूजींची मान खाली होती. पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. "थांबा," ते म्हणाले.

त्या पांढऱ्या थरात अनवाणी पावलं उमटली होती. निरंजनने आपलं पाऊल शेजारी ठेवून पाहिलं. त्याचंच. नऊ ठसे. सगळे बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीकडे गेलेले. बाहेर आलेला... एकही नाही.

म्हाताऱ्याने ठसे पाहिले. मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि हळूच विचारलं,

"काल... तूच आला होतास ना रे घरी?"

निरंजनने काय उत्तर दिलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दूध उतू गेलं. लहानूजी त्या खोलीत निजले, दिवाळीपर्यंत निजले, आणि आपल्या घरातूनच गेले. ठसे ॲसिडने घासून झाले, पत्र्याने खरवडून झाले. जात नाहीत. राधिकाने वरून चटई टाकली आहे.